विनी हॅसलमचा उद्योग

विनी हॅसलमला बाराव्या वर्षी रविवारच्या शाळेत पितळी बिल्ला मिळाला. त्यावर इंग्रजीत कोरलं होतं : ‘फॉर इंडस्ट्री’, म्हणजे उद्योगासाठी. पाद्रीबाबा तो तिच्या फ्रॉकला टाचत म्हणाले, "मुली, शब्द जुना आहे, लॅटिनमधला. आतल्या आत काहीतरी रचत राहणं, असा त्याचा अर्थ. कारखाने-बिरखाने मागाहून आले."

घरी विनीने ते सांगितलं, तेव्हा बापाने बिल्ला उलटसुलट करून पाहिला. "आतलं होतं होय? मग गिरणीवाल्यांनी ते बाहेर काढलं आणि वर धुराडं बसवलं!"

पुढच्याच वर्षी विनी त्या धुराड्याखाली गेली. क्लेगशॉ गिरणीचं साचाखातं; साचे म्हणजे कापड विणायचे माग. चाळीस वर्षं. शेवटी शेवटी सहा साचे ती एकटी सांभाळायची. तिथल्या खडखडाटात आवाज काढून बोलणं म्हणजे वेडेपणा. इंग्लंडातल्या लँकेशायरच्या सगळ्या साचेवाल्या बायकांसारखी तीही ओठांनी बोलायची, तोंड मोठ्ठं करून, आवाजाशिवाय. कुणाचं लग्न मोडलं, मुकादम काल कुणाच्या दारात दिसला, सगळं साच्यांवरून पलीकडे पोचायचं. तिशीत तिचा डावा कान गेला, पन्नाशीत उजवा. सोबतिणींखेरीज कुणाला पत्ताही लागला नाही. ऐकायची गरज होतीच कुणाला?

साठ सालच्या मार्चात फाटकावर नोटीस लागली. जुने साचे फोडायचे, अशी सरकारची योजना होती. ‘कापड उद्योगाची छाटणी’, असं पेपरात आलं. आपल्याला छाटलंय हे विनीला पेपर वाचून कळलं.

रोजगार कचेरीतला कारकून फॉर्मवर पेन टेकवून म्हणाला, "उद्योग कोणता?"

"कापड."

"ते आता नका सांगू, मावशी. दुसरं काही?"

"दुसरं काय? लंडनला जाऊन राणी होऊ?"

तो हसला आणि नव्या रेडिओच्या कारखान्याची चिठ्ठी दिली. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. ही जागा मिळाली नाही, तर सकाळी उठायचं कशासाठी हेच तिला कळत नव्हतं. जाताना तिने बिल्ला पर्समध्ये टाकला.

कारखान्यात ती बाकावर बसली, तर समोरच्या भिंतीच्या बाकावर हेटी क्रॅब्ट्री बसलेली. तीही क्लेगशॉचीच, तीही चिठ्ठी घेऊन. खोलीत चिडीचूप. काचेपलीकडे लाल नखांची एक मुलगी टंकयंत्रापुढे बसली होती. दोघींचे ओठ आपसूक सुरू झाले.

"साहेबाला पाहिलंस?" हेटी. "उकडलेल्या हॅमसारखा आहे."

"मिशी नाही ना? बस झालं. मिशीत ओठ दिसले नसते, मेलेच असते."

"कानांचं विचारलं तर?"

"खणखणीत आहेत म्हणून सांगेन. दोन्ही गेलेत हे याला कोण सांगणार? तोंड दिसलं की झालं."

"हळू बोल गं!"

"आवाज तरी काढलाय का मी, बये?"

"ती काचेतली बघतेय."

"बघू दे. लंडनची बाहुली. तिला काय कळतंय!"

काचेतली मुलगी उठून साहेबाच्या खोलीत गेली. मग विनीला बोलावणं आलं.

साहेबाचं नाव पेंगली, माणूस सभ्य. खुर्ची दिली. हात दाखवा म्हणाला, बोटांची चपळाई पाहून खूश झाला. "असे हात आम्हाला हवेतच," म्हणाला. मग उठला, खिडकीकडे तोंड करून उभा राहिला आणि तसाच उभा राहिला. विनी त्याच्या पाठीकडे बघत बसली. कोटावर पांढरा दोरा चिकटला होता, तो तिला काढावासा वाटला. बऱ्याच वेळाने तो वळला. त्याचा चेहरा पडला होता.

"मी तीनदा विचारलं, बाई."

विनीने पर्समधला बिल्ला घट्ट धरला. काढून दाखवायचा होता तिला. पण आता कशाला?

बाहेर पडताना लाल नखांची मुलगी आडवी आली. तिचे ओठ हलले, मोठ्ठे, स्वच्छ, अगदी साचाखात्यातल्यासारखे. आवाज मुळीच नव्हता.

"माफ करा, विनीमावशी. काचेतून तुमचे ओठ वाचून मीच सांगितलं. इथे धोक्याची घंटा होते, तेव्हा हात मागे घ्यावा लागतो. गेल्या महिन्यात एकीचं बोट गेलं."

विनीचेही ओठ हलले. "कुणाची गं तू?"

"डेझी शार्पल्सची. क्लेगशॉत शेवटच्या रांगेत होती."

"डेझीची! चांगलं शिकवलंय तुला." दार लोटून ती बाहेर पडली. हेटी आत गेली. हेटीचे कान शाबूत होते, तिला जागा मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विनी सवयीने सहाला उठली, चहा-टोस्ट घेतला, लाकडी तळांचे बूट घातले. पाय क्लेगशॉकडेच गेले. फाटक सताड उघडं होतं. मोठे हातोडे घेतलेली परगावची माणसं साचे फोडत होती. हातोडा वर जाई, खाली येई. विनीला ऐकू काहीच येत नव्हतं. तळव्यांना मात्र प्रत्येक घाव कळत होता. तिसऱ्या, तिच्या रांगेतला पहिला, दुसरा. तिचे सहाही गेले.

समोर रांगांपलीकडे कुणीतरी असणार अशा सवयीने तिने मान वर केली आणि तिचे ओठ हलले : बघितलंस का गं?

एका हातोडेवाल्याने कोपराने सोबत्याला ढोसलं. "म्हातारी काय चघळतेय बघ," तो म्हणाला. विनीने ते ओठांवरून बरोबर वाचलं.