कॉर्नरवरची गुढी

बाबांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पुण्यात ते यंत्रांची डिझाइनं करायचे. न्यूझीलंडमध्ये आल्यावर वर्षभर प्रत्येक कंपनीने त्यांना ‘इथला अनुभव नाही’ असं गोड हसून सांगितलं. आधी कुणीतरी नोकरी दिल्याशिवाय अनुभव येणार कुठून, असं मी जेवताना मोठ्याने विचारायचे आणि आई मला डोळ्यांनी दटावायची. नऊ वर्षांची होते, पण राग मोठ्या माणसाइतका यायचा.

शेवटी वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिल उपनगरातल्या एका फुटबॉल क्लबने त्यांना शनिवारचं काम दिलं. गोलला जाळ्या बांधायच्या, रेघा आखायच्या, चार कोपऱ्यांवर झेंडे रोवायचे. तेही तात्पुरतं. क्लबची सेक्रेटरी, एक उंच, मोजकं बोलणारी बाई, म्हणाली होती की पहिली मॅच नीट पार पडू दे, मग पुढचं बघू. मी बाबांची असिस्टंट. जाळ्या मीच बांधायचे, कारण बाबांनी बांधलेल्या सुटायच्या.

पहिली मॅच नेमकी पाडव्याला आली. मैदानावर सामान उतरवलं तर झेंडे तीनच. मी सीटखाली शोधलं, डिकी उपसली. बाबा मात्र शोधतच नव्हते.

“बाबा, चौथा कुठेय?”

“घरी,” ते म्हणाले. “त्याची गुढी झालीय.”

सकाळी आईने गुढीसाठी काठी मागितली होती. वेलिंग्टनमध्ये वेळूची काठी कुठून आणणार? बाबांनी गॅरेजमध्ये ठेवलेल्या क्लबच्या सामानातली हाताला लागली ती काठी झेंडा काढून, धुऊन तिला दिली. आता तिच्यावर आईची जांभळी रेशमी साडी, पुण्याहून आलेली साखरेची माळ आणि पालथा तांब्या असा सगळा थाट होता.

आम्ही गाडी पळवत घरी गेलो. आईने दारातच अडवलं. “सूर्यास्ताआधी गुढी उतरवायची? तीही तुमच्या नोकरीसाठी हात जोडून झाल्यावर?”

“अगं, झेंडा नाही तर मॅच नाही, आणि मॅच नाही तर नोकरी नाही!”

आईने दारातून बाजूला होत म्हटलं, “मग उभीच न्या.”

आमच्या जुनाट जपानी गाडीला सनरूफ होतं. आई मागे बसली आणि सनरूफमधून गुढी वर काढून तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली. बाबा बैलगाडीच्या वेगाने उतारावरून गाडी हाकत होते. बसस्टॉपवरचा एक जॅन्डल्स म्हणजे रबरी चपला घातलेला म्हातारा उठून उभा राहिला आणि छपराकडे बघून माओरी भाषेत “किआ ओरा” म्हणाला. आईने आतून “नमस्कार” म्हटलं. मी सीटवर खाली सरकले, शाळेतलं कुणी बघू नये म्हणून.

मैदानावर पोचून आम्ही गुढी चौथ्या कोपऱ्यात रोवली, तसा रेफरी आला आणि त्याने तिच्याभोवती एक चक्कर मारली. “व्हॉट्स दॅट?”

“कॉर्नर फ्लॅग, सर,” बाबा इंटरव्ह्यूच्या आवाजात म्हणाले.

रेफरी नियमाचा पक्का. काठी दीड मीटरपेक्षा कमी नको, वरचं टोक अणकुचीदार नको, आणि झेंडा हवा. त्याने काठी टेपने मोजली. बोटाने तांब्यावर टकटक केलं आणि टोक बोथट आहे हे नाइलाजाने कबूल केलं. मग साडीकडे बोट दाखवलं.

“फ्लॅग,” मी ठणकावून सांगितलं.

“स्वीट ॲज,” तो म्हणाला, म्हणजे इकडच्या भाषेत ‘चालेल’, आणि मॅच सुरू झाली.

आईने गुढीशेजारी खुर्ची टाकली आणि कोपऱ्याचा ताबा घेतला. आमचा खेळाडू कॉर्नर मारायला आला, तशी तिने त्याच्या बुटांकडे बोट दाखवलं. गुढीजवळ बूट चालणार नाहीत! तो इंग्रजीत वाद घालत होता, ही मराठीत. रेफरीने धावत येऊन निकाल दिला की बुटांशिवाय खेळता येत नाही. मग नमस्कारावर तडजोड झाली. त्याने हात जोडले, बॉल मारला, आणि गोल! हाफटाइमला दोन्ही टीम आईसमोर रांगेत उभ्या. तिने प्रत्येकाच्या तळहातावर कडुनिंब आणि गूळ ठेवला. पुढच्या हाफमध्ये तो कोपरा समोरच्या टीमकडे गेला. त्यांनीही हात जोडले आणि त्यांचाही गोल झाला.

मग कुणीतरी जोरात टोलवलेला बॉल थेट तांब्याच्या दिशेने आला. आयुष्यात कधी बॉलला पाय न लावलेले बाबा मध्ये झेपावले आणि तो त्यांच्या नाकावर बसला. शिट्टी वाजली. खेळ थांबला. सेक्रेटरी लांब ढांगा टाकत आली. संपलं सगळं, मला वाटलं.

“यू ओके?” तिने विचारलं.

“गुढी इज ओके,” बाबा नाक दाबून म्हणाले.

मॅच बरोबरीत सुटली. सगळे गेले, पण सूर्य काही जाईना. सेक्रेटरी गेटपाशी कुलूप घेऊन उभी. बाबांनी तिला खरं ते सांगितलं, की अंधार पडेपर्यंत हे हलवता येत नाही. तिने लांबूनच तांब्याकडे एकदा पाहिलं. मग तिने बाबांच्या हातात कुलूप आणि किल्ली ठेवली. तिला तिच्या आईकडे जेवायला जायचं होतं, त्यामुळे गेट बाबांनी बंद करावं. किल्ली पुढच्या शनिवारी येताना आणावी, आणि त्याच्या पुढच्याही.

वर्षभरात या देशात बाबांवर कुणी पहिल्यांदाच काही सोपवलं होतं. त्यांनी ओंजळ तशीच धरून ठेवली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

सूर्य मावळल्यावर आईने हळदकुंकू वाहून गुढी उतरवली. बाबांनी गेट लावलं, कुलूप दोनदा ओढून पाहिलं, आणि आम्ही दोघं ताठ मानेने रस्त्याला लागलो. बरंच पुढे गेल्यावर मागून हॉर्न ऐकू आला. गाडी आतच होती, आणि गाडीत आई.

मी कपाळावर हात मारला. बाबांचा चेहरा मात्र उजळला. “थांब,” ते म्हणाले, “किल्ली आहे माझ्याकडे.”