मावशीची लांब शिट्टी

शाळेच्या बसवरच्या मावशीचा आवाज लहानपणापासूनच बसलेला. शेजारच्या माणसाला ऐकू जायची मारामार, तिथे इंजिनाच्या घरघरीत ड्रायव्हरदादाला काय कपाळ ऐकू येणार? म्हणून तिच्या गळ्यात शिट्टी होती. दोन छोट्या वाजल्या की गाडी सुटायची, एक लांब वाजली की असेल तिथे कडेला थांबायची. मुलांच्या ओरडण्याकडे दादा ढुंकूनही बघत नसे. "पोरांचं ऐकलं तर गाडी दर कोपऱ्यावर आइस्क्रीमला थांबेल," असं त्याचं म्हणणं.

त्या वर्षी चौथीतली एक मुलगी बसने येऊ लागली. बोलताना अडखळायची. पहिलं अक्षर दोन-तीनदा यायचं, मग शब्द सुटायचा. मागच्या सीटवरच्या एका लांबट चेहऱ्याच्या मुलाने तिचं नाव ठेवलं 'स्टार्टर'. ती चढली की तो थंड इंजिनासारखा "घर्र, घर्र" करायचा आणि मागची सगळी सीट खिदळायची. मावशी डोळे वटारायची, पण वटारलेल्या डोळ्यांना आवाज नसतो.

मग तिने मुलीला पुढे, स्वतःच्या शेजारी बसवायला सुरुवात केली. करायला गेली एक आणि झालं भलतंच. आता मुलगी 'मावशीचं शेपूट' झाली. बसमधली चिडवाचिडवी वर्गातही पोचली, डबा खिडकीबाहेर जाऊ लागला. मावशीला स्वतःचाच राग आला. तोंड लपवायला लावलं ते मी, आणि कुणाचं? जिचा काही दोष नाही तिचं!

एका दुपारी स्टॉपवर मुलीची आई म्हणाली, "मावशी, सोमवारपासून पाठवत नाही हिला. रोज सकाळी पोट दुखतं म्हणते. राहू दे घरीच."

"एक आठवडा पाठवा," मावशी म्हणाली. "मग तुम्ही म्हणाल तसं."

आईने मान डोलावली, पण मनापासून नव्हे.

सोमवारी मावशीने मुलीला मधल्या सीटवर, सगळ्यांमध्ये बसवलं. मुलीने तिच्याकडे वळून पाहिलं, पण मावशीने जागा बदलली नाही. मागून "घर्र" आलं आणि मावशीने लांब शिट्टी फुंकली. गाडी कडेला थांबली.

"काय झालं, ताई?" दादा दचकला.

"घरघर थांबली की निघू."

पोरं आधी हसली, मग घड्याळं बघू लागली, मग लांबट मुलाकडे. तो गप्प झाल्यावरच दोन छोट्या वाजल्या. शाळेच्या दारात पोचेपर्यंत प्रार्थना संपलेली. मावशी तडक मुख्याध्यापिकेकडे गेली आणि उशीर का झाला ते घोगऱ्या आवाजात, एकही शब्द न गाळता सांगून आली. लांबट मुलाच्या वडिलांना बोलावणं गेलं.

संध्याकाळी बसमालकाचा फोन आला. "उद्या उशीर झाला तर शिट्टी दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालीन!"

"घाला की. तोवर लांब वाजली की गाडी थांबणार. नियम तुमचाच आहे."

मंगळवारी गाडी पुन्हा थांबली. या वेळी लांबट मुलाच्या शेजारच्यानेच त्याला कोपर मारलं, "गप ना रे, आज पेपर आहे!" बुधवारी कुणी घरघर केली नाही. मुलगी मात्र अजून खाली मान घालूनच बसायची, आणि आठवडा तर संपत आलेला.

शुक्रवारी पहिलीतला एक पोरगा नवा चष्मा लावून आला. लांबट मुलाची खोड पुन्हा जागी झाली. त्याने चष्मा ओढून घेतला आणि डोक्यावर उंच धरला. पोरगा रडकुंडीला आला. मावशीने शिट्टी ओठांना लावली, तोच मधल्या सीटवरची मुलगी उभी राहिली.

"गा... गा... गाडी..."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मावशीने शिट्टी ओठांतून काढली. तिने मुलीला बोलू दिलं.

"गाडी थां... थां... थांबवा!"

करकचून ब्रेक लागला. गाडी कडेला उभी राहिली. आजवर पोरांच्या शब्दावर ही गाडी कधी थांबलेली नव्हती.

दादाने आरशातून मागे पाहिलं. "ऐकलं बाळ मी. निघायचं कधी, तेही तूच सांग."

मुलीने हात पुढे केला. लांबट मुलाने मुकाट्याने चष्मा तिच्या हातावर ठेवला. तिने तो पोराच्या नाकावर नीट बसवला, मग दादाकडे वळली. सगळी बस थांबून होती.

"नि... नि... निघा," ती म्हणाली.

गाडी निघाली. मावशीने शिट्टी गळ्यातच राहू दिली.