पायऱ्यांचं मैदान

मी एका तळ्याला मैदान समजलो आणि त्याच्यावर दुमजली बाजारपेठ काढली. कागदावर काढली हे खरं, पण नगरपालिकेत कागदावरचं पुसणं जमिनीवरचं पाडण्यापेक्षा अवघड असतं. तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. नांदेडहून ड्राफ्ट्समनचा कोर्स करून नुकताच लागलो होतो आणि खिशाला तीन पेनं लावायचो. त्यातलं एक लाल. लाल पेन चालवायचा अधिकार मला नव्हता, पण खिशाला ते शोभून दिसायचं.

ही चूक मला करू न देण्याचा प्रयत्न एकाच माणसानं केला. साखळीआप्पांनी.

आप्पा नगरपालिकेत चेनमन होते, म्हणजे मोजणीच्या वेळी लोखंडी साखळी धरणारे. उंच, काटक, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग आणि खांद्यावर ती साखळी, शेल्यासारखी टाकलेली. त्यांना 'साधारण' हा शब्द चालत नसे. रस्ता साधारण किती रुंद आहे, असं कुणी विचारलं की ते थांबत आणि म्हणत, "साधारण म्हणजे न्हाई मोजलं. न्हाई मोजलं तर न्हाई म्हना की." एकदा चहाच्या गाड्यावर मी "साधारण अर्धा कप द्या" म्हणालो, तर मला सगळ्यांसमोर ऐकवलं, "आदी कप मोजा ड्राफ्समनसायेब, मंग अर्धा करा."

संध्याकाळी साखळी गुंडाळून ठेवण्याआधी ते कडी न् कडी बोटांतून फिरवून बघत. वाकलेली कडी सापडली की दगडावर ठेवून सरळ करत. "एक कडी वाकली की कुनाची तरी भिंत सरकती," म्हणत. मला तेव्हा हे म्हातारपणाचं लक्षण वाटायचं. मी टेपवाला माणूस होतो. टेपला कड्या नसतात.

ते दिवस मोठे गमतीचे होते आणि वाईटही. दोन वर्षं पाऊस नव्हता. लातूर नुकता नवा जिल्हा झाला होता आणि लातूर-नांदेड रस्त्यावरच्या आमच्या गावालाही आपण एका रात्रीत मोठं झालो असं वाटायला लागलं होतं. हंड्यांच्या रांगेत उभी असलेली माणसं कुठलं ऑफिस कुठं येणार याच्यावर भांडत. नगराध्यक्षांनी ठरवलं, गावाचा मध्य नवा करायचा. जुनी पेठ अरुंद, दुकानांचे पत्रे एकमेकांत घुसलेले, दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या की आठवडी बाजार बंद. मला हुकूम झाला, पेठेची मोजणी करा आणि बाजारपेठेसाठी मोकळी जागा दाखवा.

मोकळी जागा मला लगेच सापडली. पेठेच्या मागेच होती. मोठी, चौकोनी, तडे गेलेली. पोरं तिथं क्रिकेट खेळत. सर्कशीचा तंबू तिथंच पडला होता. चारी बाजूंनी दगडी पायऱ्या खाली उतरत होत्या. लोक तिला 'तळं' म्हणत, पण मी नोकरीला लागल्यापासून तिथं पाण्याचा थेंब पाहिला नव्हता, आणि न पाहिलेल्या गोष्टी कागदावर घ्यायच्या नाहीत हे मला कोर्समध्ये शिकवलं होतं.

आप्पांनी साखळी काठापर्यंत आणली आणि वरच्या पायरीवर बसले.

"चला आप्पा, खाली उतरा."

"तळ्यात साखळी टाकत न्हाईत."

"पण पाणी कुठंय?"

"गावाला गेलंय. येईल की."

मी हसलो. आप्पा हसले नाहीत. "तुमी दिवाळीला नांदेडला जाता," ते म्हणाले, "तवा तुमची खोली कुलपात असती. म्हनून तुमच्या खोलीवर दुसऱ्याचं नाव घालावं का?"

मला राग आला. मी एका शिपायाला घेऊन स्वतः साखळी ओढली. ती दर दहा पावलांवर गुंतत होती. आप्पा पायरीवरून जागचे हलले नाहीत, पण चुकीची मोजणी त्यांना बघवत नव्हती. जे मोजायला नको म्हणत होते, तेच नीट मोजून घ्यायला लागले. "ओ, ताणा की जरा. पोट आलंय साखळीला. ... सळई सरळ रोवा, तिरपी नगं. ... चार झाल्या, पाचवी." त्या दिवशीची माझी मोजणी इंचभरही चुकली नाही, ती त्यांच्या ओरडण्यामुळे.

नकाशा मी मन लावून काढला. पायऱ्या तर इतक्या सुंदर काढल्या की प्रत्येकीला वेगळी रेघ. मध्ये पिवळा रंग भरला आणि लिहिलं, 'मैदान (मोकळे)'. ईशान्य कोपऱ्यात एक खड्डा होता, तोही सोडला नाही. 'खड्डा (बुजवावा)' असं बारीक अक्षरात घातलं. त्यावर दुसऱ्या कागदावर बाजारपेठ उभी केली : खाली दुकानं, वर ऑफिसं, समोर चौक. नगराध्यक्षांनी नकाशा बघितला आणि मला स्वतःच्या बशीतलं बिस्कीट दिलं.

सगळं गाव खूष. ज्याला त्याला कोपऱ्यावरचं दुकान हवं होतं. कायद्याप्रमाणे हरकती मागवणारी नोटीस नगरपालिकेच्या भिंतीवर लागली, आणि तिच्यावर दुसऱ्याच दिवशी कुणीतरी बैल हरवल्याचा कागद चिकटवला.

मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत आप्पा माझ्या टेबलाशी आले. कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "एक अर्ज लिवायचाय. आमची शाळा निजामाच्या येळंला उर्दूत झाली. मराठीत सही तेवढी येती. तुमचं अक्षर लई झ्याक हाय."

मी लिहायला बसलो. दुसऱ्या ओळीला कळलं की ही माझ्याच नकाशावरची हरकत आहे. खरं तर तिथंच पेन खाली ठेवायला हवं होतं. पण चटणी फार चांगली होती, आणि आप्पा सांगत होते ते वाक्य इतकं सरळ होतं की ते अर्धवट सोडवेना. मी शुद्धलेखनही तपासलं. वर विषयाची ओळ नव्हती, ती घातली : 'तळे हे तळे असल्याबाबत'.

गावातून एकच हरकत आली. मुख्याधिकाऱ्यांनी ती उघडली आणि मला बोलावलं.

"हरकत चेनमनची. अक्षर तुझं?"

"हो साहेब."

"तुझ्याच नकाशावर?"

"साहेब, ऑफिसात वाचता येण्यासारखं अक्षर माझंच आहे."

त्यांनी अर्जाची घडी घातली. मग आप्पांना आत घेतलं. मी तिथंच उभा होतो. मला कुणी जा म्हणालं नाही. "आप्पा, दोन वर्षं राहिलीत नोकरीची," मुख्याधिकारी समजावणीच्या सुरात म्हणाले. "नगराध्यक्ष तापलेत. हरकत मागं घ्या. सगळ्या गावाला दुकानं पाहिजेत, तुम्ही एकटेच उलटे."

"एकटा हाय ते खरं हाय," आप्पा म्हणाले. "पन उलटा न्हाई. मी हाय तिथंच हाय, सायेब. गावच फिरलंय."

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून साखळी काढून घेतली आणि त्यांना जकात नाक्यावर बसवलं. गाडी आली की बांबू वर, गाडी गेली की बांबू खाली. उन्हात एक पत्र्याची खोली, सावली नाही. मी दोनदा भेटायला गेलो. पहिल्यांदा चार गाड्या सुटेपर्यंत थांबलो आणि परत आलो. दुसऱ्यांदा म्हणाले, "सुनावनीला खरं सांगनार का?"

"मी साधा ड्राफ्ट्समन, आप्पा. मला कोण विचारतंय?"

"इचारलं तर?"

मी समोरून येणाऱ्या गाडीकडे बोट दाखवलं. त्यांनी बांबू वर केला, एक ट्रक सोडला, आणि परत माझ्याकडे बघितलं नाही.

सुनावणीला औरंगाबादहून मोठे साहेब आले. नगरपालिकेचा हॉल भरला होता; पुढच्या रांगेत भावी दुकानदार. आप्पा नाक्यावरची खाकी घालून मागे भिंतीला टेकून उभे. साहेबांनी माझा नकाशा टेबलावर पसरला, चष्मा वर सारला, खाली घेतला.

"हे काढलं कुणी?"

मी उभा राहिलो. लाल पेन खिशातून काढून पँटच्या खिशात टाकलं.

"छान आहे. हे चारी बाजूंनी काय?"

"पायऱ्या, साहेब."

"मैदानाला?"

आता खरं सांगायची वेळ आली होती. मला खरं माहीत होतं, आप्पा बघत होते, आणि पुढच्या रांगेत नगराध्यक्षही बघत होते. माझ्या तोंडून निघालं, "बसायला, साहेब. सामने बघायला."

हॉलमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. साहेब हसले नाहीत. "खाली उतरत जाणाऱ्या? म्हणजे बघणारे खाली आणि खेळणारे त्यांच्याही खाली?"

माझे कान इतके तापले होते की त्यांच्यावर भाकरी भाजली असती.

तेवढ्यात मागून आवाज आला. "सायेब, त्या पोराला बोलू नगा. त्यानं समदं बरुबर काढलंय. एक पायरी चुकली न्हाई. मी सोता बसून मोजून घेतलंय. निस्तं नाव चुकलंय."

"ए आप्पा, तू खाली बस," नगराध्यक्ष ओरडले. "तुझी नोकरी नाक्यावर आहे."

"नोकरी नाक्यावर हाय. तळं गावात हाय." आप्पा पुढे आले. "ही नोकरी आजच्या आज घ्या. पन सायेबांनी एकडाव तितं जाऊन बगावं. लांब न्हाई. हितून दोनशे अकरा पावलं."

साहेब उठले. त्यांच्यामागे सगळा हॉल उठला. पेठेतून वरात निघाल्यासारखे आम्ही निघालो. मी सवयीनं पावलं मोजली. दोनशे अकरा भरली.

तळ्याच्या ईशान्य कोपऱ्यात, माझ्या 'खड्ड्या'भोवती, सात-आठ बाया हंडे घेऊन बसल्या होत्या. एक बाई आत उतरून वाटीनं पाणी भरत होती. वाटी बुडवायची, हंड्यात ओतायची, पाणी परत साचेपर्यंत थांबायचं. पोरांचा क्रिकेटचा चेंडू शेजारीच पडला होता. मी मोजणीला आलो तेव्हाही हा खड्डा इथंच होता. मी त्याची लांबी-रुंदी घेतली होती. आत वाकून बघितलं नव्हतं.

"हा झिरा कुणी खणला?" साहेबांनी विचारलं.

"आप्पानं," आतली बाई वर न बघता म्हणाली. "दोन उन्हाळे झाले. पेठेतल्या धा-बारा घराचं पानी हितलंच हाय. बाजूला व्हा, माती पाडायलाव."

साहेब बाजूला झाले. मग त्यांनी प्यायला पाणी मागितलं. बाईनं वाटी दिली. गढूळ होतं, पण ते पूर्ण प्याले आणि नकाशा माझ्यापुढे धरला. "इथं काय लिहिलंय, वाचा."

मी वाचलं. "खड्डा. बुजवावा."

"मोठ्यानं."

मी मोठ्यानं वाचलं. झिऱ्यातली बाई पहिल्यांदाच वर बघायला लागली. तिनं मला नीट बघून घेतलं. आयुष्यात मला पुष्कळ लोकांनी शिव्या दिल्यात, पण शिवी न देता असं कुणी बघितलं नाही. तेव्हा कुठं माझ्या तोंडून खरं निघालं. "साहेब, हे तळं आहे. आप्पांनी मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

नगराध्यक्षांचं बिस्कीट त्या दिवसापासून बंद झालं.

तळं तळंच राहिलं. त्याचा गाळ काढायचा आणि पेठ पाडायची नाही, तर आहे तिथंच दुरुस्त करायची, असा हुकूम आला. रस्ता फरसबंद झाला, घुसलेले पत्रे मागं सरकले, गटारं झाकली. नवा नकाशा मीच काढला, निळा रंग भरून. आप्पांना मात्र साखळी परत मिळाली नाही. उरलेली दोन वर्षं त्यांनी नाक्यावर बांबू वरखाली केला आणि एकदाही बदलीचा अर्ज केला नाही. मी म्हणालो, "मी लिहून देतो." ते म्हणाले, "आपन चुकलो न्हाई, तर मागायचं काय? त्यांनी इचारावं." त्यांनी विचारलं नाही. आप्पाही मागायला गेले नाहीत. सेवानिवृत्तीच्या दिवशी हार नाही, भाषण नाही. मी साखळी घेऊन नाक्यावर गेलो. त्यांनी ती बोटांतून फिरवली आणि विचारलं, "तीन कड्या वाकल्यात. कुनी केल्या?" मी पाय हलवत उभा राहिलो. त्यांनी दगड मागितला.

पुढे ते लोह्याला मुलीकडं राहायला गेले. मी येतो येतो म्हणत राहिलो.

आता ते तळं पाहिलंत तर ओळखणार नाही. काठानं बाकं आहेत, दिवे आहेत, संध्याकाळी भेळेच्या गाड्या लागतात, आणि पेठेतली दुकानं, जी तेव्हा पाडायची होती, त्यांच्या भाड्यासाठी मारामारी असते. गेल्या वर्षी तिथं कारंजं सुरू झालं तेव्हा नगरपालिकेतल्या नव्या मंडळींनी जुना कर्मचारी म्हणून माझा सत्कार केला. सूत्रसंचालकानं सांगून टाकलं की तळं वाचवणारे ते हेच. मला दुरुस्ती करता आली असती. माईक तर माझ्याच हातात होता. मी म्हणालो, "हे सगळ्यांचं यश आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शाल उबदार होती.

रात्रभर ती शाल खुर्चीवर बसून माझ्याकडे बघत होती. सकाळी मी लोह्याची एसटी धरली. घर सापडलं. दारात काकू, आप्पांच्या मंडळी, गवारीच्या शेंगा निवडत बसल्या होत्या. आप्पा जाऊन वर्ष होत आलं होतं. मला कुणी कळवलं नव्हतं. कळवायला मी पत्ता तरी कुठं दिला होता?

मी शाल त्यांच्यापुढे ठेवली. सत्काराचं सांगितलं. "काकू, ही खरी आप्पांची आहे. लोक म्हणतात तळं मी वाचवलं..."

काकूंनी एक शेंग मोडली, दोरा काढला, आणि माझ्याकडे बघितलं.

"लोक बी काय म्हनतील," त्या म्हणाल्या. "तुमी त्या गावात आलाच नसता, तर तळ्याला वाचवायची येळच आली नसती."