तांबेकाकांची इम्पाला आणि लाल तेल

वाशीच्या सेक्टर सहामध्ये शिवराम तांब्यांबद्दल एक गोष्ट सगळ्यांना पक्की ठाऊक होती, ती म्हणजे हा माणूस माजलेला आहे. पुरावा रोज संध्याकाळी फाटकातून आत यायचा. फिकट निळी जुनी इम्पाला, तांब्यांचा डावा हात स्टेअरिंगवर आणि उजवं कोपर ऐटीत खिडकीबाहेर. तळमजल्यावरच्या सुचित्राताई नाकातून म्हणायच्या, "आमच्या ह्यांना स्कूटर दोन्ही हातांनी धरवत नाही, आणि हे बघा. संस्थानच खालसा व्हायचं राहिलंय जणू." सोसायटीचे सेक्रेटरी अरविंद प्रधान प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करत. "अं-हं. गाडी कुठल्याशा स्मगलरची. अं-हं. मी नाव घेत नाही."

नाव घेण्यासारखं काही नव्हतंच. गाडी पावणे गावातल्या एका कारखानदाराची होती. तो वारला, मुलांना एवढं धूड नको होतं, आणि शेडमध्ये तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. त्याच कारखान्यात तांबे चौदा वर्षं तेलाच्या दाबाचा हायड्रॉलिक प्रेस चालवत होते. एकोणऐंशी साली त्या प्रेसखाली त्यांचा उजवा हात सापडला. हात वाचला, जोर गेला. पाण्याची अर्धी बादली त्याला उचलत नाही. कोपर खिडकीत असतं ते ऐट म्हणून नाही, गाडीत त्याला टेकायला दुसरी जागा नाही म्हणून. हे तांब्यांनी कोणाला कधी सांगितलं नाही. माजलेला म्हणा, चालेल. बिचारा म्हणायचं काम नाही, असा त्यांचा हिशेब.

आता, साध्या गाडीचं स्टेअरिंग एका हाताने वळवायला पैलवान लागतो. इम्पालाला पॉवर स्टेअरिंग. इंजिनवर चालणारा एक पंप तेल दाबतो आणि चाकं वळवण्याची मेहनत तेल करतं, माणसाने नुसतं दिशा दाखवायची. गिअरही आपोआप पडतात. म्हणजे तांब्यांना चालवता येईल अशी गाडी त्यांच्या ओळखीत एकच होती, आणि ती कोंबड्यांकडे होती. दोन वर्षं खपून त्यांनी ती उभी केली. शहाऐंशी सालापर्यंत दिघ्यापासून बेलापूरपर्यंत नवरदेव घोड्याऐवजी तांब्यांची इम्पाला मागू लागले होते.

आणि त्याच वर्षी मे महिन्यात स्टेअरिंग रेकायला लागलं. वळवलं की गाभण म्हशीसारखा आवाज. आधी नुसता आवाज होता, मग जडपणा आला. फाटकातून आत वळताना तांबे छातीने चाक रेटतात, हे त्यांच्या बायकोने, सगुणाकाकूंनी, खिडकीतून पाहिलं. गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच सांगून टाकलं, "पंप खतम. फॉरेनचा माल आहे काका. भंगारात द्या, मोकळे व्हा."

शुक्रवारी दुपारी पावण्याचे सिताराम पाटील आले. त्यांच्या मुलाची वरात दुसऱ्याच दिवशी होती.

"तांबेशेठ, गारी उद्या पाचाला पायजे. पोरगा घोऱ्यावर नाय बसनार बोलतो."

"येते की."

"आयकलं का गारी आजारी हाय. नसल तं सांगा, टेंपो सजवतो."

"पाटील, टेंपोत नवरदेव नेतात की कांदे? येते म्हटलं ना."

पाटील गेले. काकू म्हणाल्या, "अहो, कशाच्या जिवावर सांगितलंत?"

ही गाडी बसली तर आपण कायमचे बसलो, दुसरी आपल्याला चालवताच येणार नाही, एवढंच तांब्यांच्या डोक्यात होतं. ते खाली गेले, बॉनेट उघडलं, पंपाचं झाकण काढलं, बोट बुडवलं. अंगठ्यावर घोळवलं. मग वास घेतला. आणि तिथेच फुटपाथच्या कडेला बसले.

चौदा वर्षं ज्या तेलात हात काळे केले, त्याचा वास झोपेतही ओळखला असता. ते प्रेसचं तेल होतं. महिन्यापूर्वी पंपातलं तेल कमी झालं, तेव्हा त्यांनी स्वतःच कारखान्यातल्या जुन्या दोस्ताकडून डबा आणून ओतलं होतं. शंभर टनाच्या प्रेसला चालतं, तर एवढ्याशा पंपाला का नाही? प्रेसवाल्याखेरीज ही चूक करणंच कोणाला जमलं नसतं. जाड तेल पंपाला ओढवेना, त्यात फेस झाला, आणि म्हैस रेकू लागली.

"सगुणा, पंप नाही गेला," त्यांनी वर हाक दिली. "अक्कल गेली होती. माझी."

"मग ती परत आलीय का? मी खाली येऊ की नको?"

काकू आल्या. तांब्यांनी पुढची चाकं जॅकने उचलून खाली लाकडी ठोकळे सरकवले. पंपाकडे परत येणारा रबरी पाइप काढून वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात सोडला, पंपाच्या उघड्या तोंडात लाकडाची खुंटी मारली. हे सगळं डाव्या हाताने; उजव्याने फक्त टॉर्च धरला.

"बस आत. चाक फिरव. इंजिन बंदच राहू दे."

सगुणाकाकू पदर खोचून त्या सीटवर पहिल्यांदा बसल्या. त्या शिवणाचे क्लास घ्यायच्या. मशीनचं चाक वर्षानुवर्षं फिरवलेला हात तो. एकसारखं, न अडखळता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. प्रत्येक फेऱ्याला डब्यात काळपट तेल पिचकारी मारत होतं.

प्रधान येऊन उभे राहिले. "अं-हं. तांबे, पार्किंगमध्ये रिपेरिंगला मनाई आहे."

"प्रधानसाहेब, रिपेरिंग नाही हो. गाडीला एरंडेल दिलंय."

जुनं तेल संपलं. गिअरबॉक्ससाठी जपून ठेवलेलं लाल तेल तांब्यांनी डब्यातून काढलं. पंपालाही हेच लागतं, हे गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं होतं, फक्त महिन्यापूर्वी पुस्तक उघडायचा कंटाळा केला होता. थोडं पंपात ओतलं, काकूंनी चाक फिरवलं आणि तेही तुपाच्या डब्यात सोडलं. पाइपमधून स्वच्छ लाल धार आली तेव्हा पाइप जागेवर बसवला आणि पंप भरला.

"आता पुन्हा फिरव. वीस वेळा."

"इंजिन लावा की आता."

"घाई केली तर पंप हवा पिईल. परत फेस. फिरव."

काकूंनी मोठ्याने मोजत वीस फेरे घातले. बुडबुडे वर येत गेले, तेल खाली बसलं, तांब्यांनी पुन्हा भरलं. मग गाडी खाली उतरवून, काकूंना बाजूला सरकवून त्यांनी इंजिन सुरू केलं, आणि डावा तळवा चाकावर ठेवून हळूच वळवलं. म्हैस गप्प. चाक पोळपाटावरच्या पोळीसारखं फिरलं. तांबे दोनदा उगाचच इकडून तिकडे वळवत राहिले. काकूंनी तोंड दुसरीकडे फिरवून पदराने घाम पुसला, म्हणजे त्या घामच पुसत होत्या असं धरून चालू.

पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून प्रस्तुत लेखिकेचा आवाज आला. तिला गप्प बसता येत नाही. "काका, इथे वळणं सोपं. पाटलांच्या गल्लीत विहिरीशी काटकोन आहे. एका दमात वळलात तर रविवारी गाडी मी धुईन."

"पूर्ण?"

"टायरसकट."

शनिवारी काकूंबरोबर लेखिकाही पावण्याला हजर होती. पुढे बँड, मागे बायका, मध्ये फुलांनी झाकलेली इम्पाला. विहिरीशी पाटील दोन्ही हात हलवत ओरडत होते, "मांगं घ्या शेठ, मांगं घ्या." शेठनी मागे घेतली नाही. उजवं कोपर खिडकीत, डावा तळवा चाकावर, नजर समोर. गाडीचं नाक भिंतीला चाटून गेलं, शेपूट विहिरीच्या कठड्यापासून चार बोटांवरून सरकलं आणि नवरदेव गल्लीपार झाला. बँडवाल्यांची चाल मध्येच तुटली. ते मान वळवून बघत होते. सगुणाकाकू शेजारच्या अनोळखी बाईला म्हणाल्या, "आमचे आहेत."

रविवारी सकाळी सातला बादली लेखिकेच्या दारात होती. गाडी अठरा फूट लांब आहे, हे पैज लावताना लक्षात घ्यायला हवं होतं. तांबेकाका खुर्ची टाकून बसले होते, हातात चहा.

"टप राहिला," ते म्हणाले. "आणि टायर चार आहेत बरं का."