वाटेत थांबणारं क्षेपणास्त्र

नवाज तांबोळी माझा विद्यार्थी. शाळेत असताना तो कबड्डीचे नियम बदलून मागायचा आणि बदललेला नियम का बरा, हे मैदानावर खेळून दाखवायचा. आवाज कधी चढवत नसे. आपलं खरं आहे याची त्याला इतकी खात्री असायची, की भांडायची गरजच पडत नसे.

आता तो रेल्वेच्या सिग्नल खात्यात आहे, घाटातल्या रुळांवर ड्यूटी असते. रविवारी दुपारी लोणावळ्यातल्या घरी तो अंतराळाचा खेळ मांडतो. त्यात पट नाही की सोंगट्या नाहीत. नवाज गोष्ट सांगत जातो, आपण प्रत्येकाने एकेका यानाचा कप्तान व्हायचं आणि काय करायचं ते बोलून ठरवायचं. जमलं की फसलं, हे फासे सांगतात. मीही जाते. माझ्याकडे दवाखान्याचं यान आहे.

पुण्यातली एक हौशी मंडळी हा खेळ पुस्तकात छापणार होती. त्यातलं क्षेपणास्त्रांचं प्रकरण नवाजचं. कुठलं किती लांब जाईल, किती वेळ पेटतं राहील, काय फोडेल, सगळं त्याने मन लावून ठरवलं होतं. अडचण एकच होती. क्षेपणास्त्र सुटलं की समोरचं यान खलास. त्याची बायको खतीजा दर वेळी सुरुवातीलाच बाद व्हायची.

"अहो, मला कप्तान करता कशाला? सरळ सांगा की चहा ठेव," ती म्हणायची.

नवाजने यानांचे पत्रे जाड केले. मग लढाई संपेचना. नुसते फासे पडत राहिले आणि खतीजाला बसल्या जागी डुलकी लागली.

शेवटी पुस्तकाचं काम पाहणाऱ्या विकासचा पुण्याहून फोन आला. क्षेपणास्त्रं काढूनच टाकू, म्हणाला. पहिला वार करणारा जिंकतो आणि बाकीचे भिंतीकडे बघत बसतात. नवाज म्हणाला, "विकासभाऊ, एक रविवार या. तुम्हीच मारा. तरी नको वाटलं तर काढा."

त्याला वाट सापडली होती ती त्याच्या कामातच. घाट उतरणाऱ्या गाडीला ठरल्या जागी थांबून दाखवावं लागतं. थांबली तर पुढचा रस्ता खुला होतो. ब्रेक लागले नाहीत, तर रूळ तिला बाजूच्या चढावर नेतात आणि तिथे तिचा वेग जिरतो. म्हणजे आधी रस्ता बंद असतो, तो कुणीतरी उघडावा लागतो. नवाजने क्षेपणास्त्राला हेच लावलं. अर्ध्या वाटेत त्याचं इंजिन बंद पडणार. बाकीच्या प्रत्येकाने एकेक गोष्ट करून घ्यायची. मग सोडणाऱ्याने पुन्हा "जाऊ दे" म्हणायचं. नाही म्हटलं तर ते मोकळ्या आकाशात निघून जाणार.

विकास आला. त्याला लढाऊ यान मिळालं. खतीजा पाण्याचा टँकर घेऊन निघाली होती. नवाजचा सोबती, कुरवंड्याचा सोपान, बिघडलेली यानं ओढून नेण्याचं काम करत होता. विकासने त्याला आधीच आपल्या बाजूला वळवलं होतं : इंजिन मी उडवतो, टँकर तू ओढून आण. आणि त्याने क्षेपणास्त्र सोडलं.

"वहिनी, गेला बगा तुमचा टँकर," सोपान म्हणाला.

"अर्ध्या वाटेवर आलं. इंजिन बंद," नवाज म्हणाला. "खतीजा, बोल."

खतीजा सावरून बसली. "माझा हात पाण्याच्या झडपेवर आहे. विकासभाऊ 'जाऊ दे' म्हणाले की सगळं पाणी बाहेर सोडणार. रिकामी टाकी न्या म्हणावं."

"सोपान, तू?"

"म्या न्हाई ओढायचो. पानीच न्हाई तर माझी मजुरी कोन देनार? म्या वहिनीकडं."

मी जखमींसाठी दार उघडं ठेवलं. विकास डोकं खाजवत बसला. शेवटी म्हणाला, "निम्मं पाणी द्या."

"पाव," खतीजा म्हणाली.

पावावर सौदा झाला आणि क्षेपणास्त्र वाया गेलं. विकासला ते आवडलं नाही. "मग याची भीती कुणाला? हे लागतच नाही."

"सोपानवर मारा," नवाज शांतपणे म्हणाला.

विकासने मारलं. सोपानने आपली एक गोष्ट वापरली ती उडी मारून टँकरवर जायला. या वेळी विकास ठणकावून म्हणाला, "जाऊ दे!" फासे पडले, सोपानचं यान फुटलं.

"आरं, लय मेहनतीनं घेतलं व्हतं!" सोपान कळवळला.

"रडू नका भाऊजी. माझ्याकडे झडपेला माणूस पाहिजेच होता," खतीजा म्हणाली. "कप्तानाला सलाम करा आधी."

सोपानने केला. विकास हसला, पण डोळे नवाजवर होते. "हे अर्ध्या वाटेचं थांबणं जरा लहान करू या का? छापायला जागा कमी आहे."

"नाही," नवाज म्हणाला. "जागा पाहिजे तर माझी आठ क्षेपणास्त्रं काढा, दोन ठेवा. थांबणं आहे तेवढंच राहील."

विकासने मान डोलावली. प्रकरण पुस्तकात कायम राहिलं.

"ती दोन्ही पुढच्या रविवारी मला पाहिजेत," खतीजा म्हणाली.

"टँकरवर एकच बसेल," नवाज म्हणाला, आणि ते कुठे बसवायचं यावर दोघांची जुंपली.