एकटीनं म्हणजे एकटीनं

वैमानिकाच्या परवान्याची परीक्षा घेणाऱ्या हॉल्वर्सनबाईंनी उड्डाणांच्या नोंदवहीवर बोट ठेवून चष्म्यावरून बघत विचारलं, "या स्पिअरफिश गावच्या फेरीला सोबत कोण होतं?"

"माझे बाबा," जानेल म्हणाली. तिला वाटलं, बाई सहज चौकशी करतायत.

"प्रशिक्षक आहेत ते?"

"छे हो! जन्मभर शेतांवर फवारणीचं विमान चालवलं त्यांनी. हृदयाच्या दुखण्यानं परवाना गेला. नुसते शेजारी बसले होते."

"मग ही फेरी धरता येत नाही." बाईंचा आवाज मऊ होता, पण नियम कसला मऊ! "लांबची फेरी एकटीनं करायची, किंवा प्रशिक्षकासोबत. एकटीनं म्हणजे एकटीनं. मांडीवर मांजर असतं तर एक वेळ सोडलं असतं, वडील नाही."

झालं! मुसळ केरात! पैसे घेऊन विमान चालवायचं तर अडीचशे तास लागतात, आणि तेही कसे तर रात्रीचे इतके, ढगांतले इतके, एकटीचे इतके. जानेल वोंड्रानं ऑर्ड गावातल्या शाळेची बस हाकत, उरल्यासुरल्या वेळात ते वर्षानुवर्षं गोळा केले होते. आता तेलाच्या पाइपलाइनवर गळती शोधत उडायची नोकरी समोर होती, पण मालकाला शुक्रवारी रात्रीपर्यंत परवाना दिसायला हवा होता. नाहीतर दुसरा माणूस तयारच होता. आज बुधवार. बाई शुक्रवारी सकाळी पुन्हा येणार आणि मग महिनाभर लेकीकडे जाणार.

"उद्या करा फेरी," बाई म्हणाल्या. "आणि काय हो, तुमचे वडील इतके जुने वैमानिक. त्यांनी नाही सांगितलं?"

हा प्रश्न जानेलच्या डोक्यात घरापर्यंत भुणभुणत राहिला.

एमिल वोंड्रा अंगणात गवत कापायचं यंत्र उघडून बसला होता. लेकीचं ऐकून घेतलं, पण मान वर केली नाही. "आमच्या वेळी नियम वेगळे होते," म्हणाला.

आता हा एमिल म्हणजे कसा, तर चर्चमध्येसुद्धा पाद्र्याची चूक काढणारा. त्या फेरीत मात्र सगळा वेळ तोंडाला कुलूप लावून खिडकीबाहेर बघत बसला होता. जानेलला तेव्हा कौतुक वाटलं होतं. आता शंका आली. नियम वेगळे? थापा! जगातला प्रत्येक धंदेवाईक वैमानिक ही फेरी एकट्यानं करूनच पुढे गेलेला असतो.

"बाबा, खरं सांग."

"सकाळी लवकर निघ. दुपारी वारा सुटेल," एवढंच बोलून तो आत गेला.

गुरुवारी उजाडताच ती निघाली. एमिल धावपट्टीच्या कुंपणाशी उभा होता. तिनं हात केला नाही. केला नाही म्हणजे नाहीच.

शेजारची खुर्ची रिकामी ठेवून वाळूच्या टेकड्यांवरून ती वायव्येला गेली. सगळं ठीक चाललं होतं, पण डकोटाचे काळे डोंगर दिसू लागले आणि बघते तर काय! ढग डोंगरांच्या कमरेपर्यंत उतरले होते आणि स्पिअरफिश त्यांच्या पलीकडे होतं. रेडिओवर विचारलं तर उत्तर आलं, तिथं डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही. अलीकडे रॅपिड सिटी लख्ख उघडी होती, पण एक मुक्काम घरापासून सरळ रेषेत अडीचशे मैलांपलीकडे लागतो आणि रॅपिड सिटी पंधरा मैलांनी कमी पडत होती. ती तिथं उतरली. टाक्या भरून घेतल्या. विमानाच्या सावलीत बसून हातातोंडाशी आलेला नोकरीचा घास निसटताना बघत राहिली.

फोन काढला. बाबाच्या नावावर अंगठा ठेवला. तो काय म्हणेल ते तिला पाठ होतं: 'ढगांखालून घुस, मी शंभरदा घुसलोय.' तिनं फोन खिशात टाकला आणि नकाशा मांडीवर पसरला.

अगं, नियमात अंतर आहे, दिशा कुठंय? नैऋत्येला वायोमिंगमधलं डग्लस होतं. घरापासून अंतर भरपूर, आभाळ मोकळं. फक्त वारा होता. आणि वायोमिंगचा वारा काय चीज आहे, हे तिथल्या झाडांना विचारावं, सगळी एका अंगाला कललेली.

डग्लसला तिनं ना गाव पाहिलं होतं, ना धावपट्टी. वरून बघितलं तर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी आडवी ताठ, धावपट्टीला तिरकी. पहिल्यांदा उतरताना वाऱ्यानं विमान उचलून बाजूला फेकलं, खाली धावपट्टीऐवजी गवत दिसलं. "नाही, नाही, नाही!" ती एकटीच ओरडली, इंजिनाला पूर्ण जोर देऊन पुन्हा वर चढली. परत फिरावं? जीवापेक्षा नोकरी मोठी नाही. तिनं स्वतःलाच बजावलं: अजून एकदा, आणि थोडं जरी वाकडं झालं तर घर. मग शाळेची बस तर बस.

दुसऱ्या खेपेला तिनं वाऱ्याकडचा पंख खाली दाबला, शेपटीच्या सुकाणूवर विरुद्ध बाजूचा पाय रेटला आणि तिरकी, हट्टानं, एका चाकावर उतरली. मग दुसरं चाक टेकलं. विमान थांबल्यावर ती हुंदके देऊन रडली. बघायला कोणी नव्हतं, बरंच होतं.

परतीला वाटेतल्या अलायन्सला तेल भरलं. पाठीमागून वारा आला आणि उन्हं कलताना ऑर्डची धावपट्टी दिसली.

एमिल कुंपणाशीच होता. स्पिअरफिश बंद झाल्याचं त्यानं सकाळीच रेडिओवर ऐकलं होतं. त्यापुढचं काहीच नाही. तोंड राखेसारखं झालं होतं. जानेल उतरली तसा तो दोन पावलं पुढे आला आणि थांबला.

"कुठं होतीस?"

"डग्लसला."

"या वाऱ्यात?" त्यानं एकदा विमानाकडे पाहिलं. "पोरी, मला माहीत होतं. तुझी फेरी धरणार नाहीत, हे मला निघतानाच माहीत होतं."

ऐकायचं होतं तेच ऐकलं, तरी तिला ते लागलं. "मग का बसलास?"

"सांगितलं असतं तर तू मला खाली ठेवून गेली असतीस." त्यानं विमानाच्या पंखावर हात ठेवला. "मला एकदा वर जायचं होतं गं. नीट, लांबवर. परत कोण नेणार होतं मला?"

दिवसभर साठवलेल्या शिव्या जानेलच्या ओठावर होत्या. त्यातली एकही बाहेर पडेना.

"अरे, मागितलं असतंस," ती म्हणाली, "तर मी दोनदा गेले असते. आधी तुला घेऊन, मग एकटी."

एमिलनं विमान बांधायचा दोर उचलला. गाठ मारायला गेला, पण ती दोनदा सुटली. जानेलनं दोर त्याच्या हातातून घेतला आणि गाठ स्वतः मारली.