तोंड फुटलेला डबा

चाची पत्र्याचा हवाबंद डबा उघडायची तेव्हा तिच्या स्वयंपाकघरात कुणी बोलायचं नाही. आधी ती डबा हातात घेऊन दोन्ही अंगठ्यांनी त्याचं बूड आणि माथा दाबून बघायची. मग कडेवरून बोट फिरवायची, कुठे पोचा आहे का, कुठे गंज आहे का. डबा जरा जरी फुगलेला वाटला, की न उघडताच पिशवीत गुंडाळून बाहेर! आत अननसाच्या चकत्या असल्या तरी चाचीचा चेहरा मात्र बॉम्ब हाताळत असल्यासारखा असायचा.

महाडात आमच्या गल्लीत ती वरच्या मजल्यावर राहायची, आम्ही खाली. तिचा मुलगा सलीम मस्कतला हॉटेलात नोकरीला. तो सुट्टीवर आला, की दोरीने आवळलेली खोकी यायची, आणि खोकं सुटलं की गल्लीतल्या प्रत्येक घरी दोन-तीन डबे पोचायचे. हा रिवाजच होता. मासळी, काबुली चणे, मक्याचे दाणे, मलई. मार्चमध्ये चवदार तळ्यावर आलेले आमचे नात्याचे पाहुणे भाकरीबरोबर चाचीचे चणे खाऊन गेलेत.

डब्याबरोबर उपदेश फुकट मिळायचा. “डब्याला तोंड फुटला का त्यो डबा नाय रायला गो, उघडा भांडा झाला.” उरलेलं सगळं लगेच काचेच्या बरणीत, वर घट्ट झाकण, झाकणावर चिकटपट्टी आणि तिच्यावर वार लिहिलेला. बरणी तडक फ्रीजमध्ये. तोंडातला चमचा बरणीत घातला तर हातावर चापट बसायची. दोन-तीन दिवसांत संपलं तर ठीक, नाहीतर फेकायचं. “फ्रीज म्हंजे काय पेटी हाय, ठेवला नि विसरला?”

आमच्या आप्पांना हे सगळं थोतांड वाटायचं. माझे वडील सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. छापलेल्या अक्षरावर त्यांचा भारी विश्वास. शिवाय लहानपणी उपास काढलेले, त्यामुळे अन्न टाकणं म्हणजे त्यांच्या लेखी पाप. अर्धा डबा तसाच फडताळात ठेवायचे आणि चाचीने डोळे वटारले की डब्याचं बूड तिच्यासमोर धरायचे. “हे बघा हलीमाबाई, पुढच्या वर्षाची तारीख आहे.”

“ती बंद डब्याची, आप्पा. उघडलात का ती तारीख मेली.”

दोघांची ही जुगलबंदी ऐकत आम्ही हसायचो. एका पावसाळ्यात सावित्री नदी चढली आणि हसू पळालं.

पाणी घरात शिरलं तसे आम्ही तिघं, आई, आप्पा आणि मी, वर चाचीकडे गेलो. सलीम मस्कतला. वीज गेलेली, फोन बंद, खालच्या पायऱ्या बुडालेल्या. आप्पांचं नुकतंच हृदयाचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे जीव टांगणीला लागला होता. दुसऱ्या दिवशी चाचीने बंद पडलेला फ्रीज उघडला आणि आतल्या सगळ्या बरण्या रिकाम्या केल्या. चांगले दिसणारे चणे, मासळी, सगळं फेकलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि आप्पा संतापले. “पोटाला नाही नि तुम्ही टाकताय?”

“रातभर गरम रायलाय. वास येत नाय म्हणून चांगला असा नाय,” चाची म्हणाली. मग तिने नियम केला, की फक्त बारके डबे उघडायचे, आणि उघडलेला जागच्या जागी संपवायचा.

त्या संध्याकाळी माझ्या आणि आईच्या घशाखाली घास उतरेना. मासळीचा अर्धा डबा उरला. चाचीने मला तो फेकायला सांगितला, तर आप्पाच म्हणाले, “दे, मी टाकतो.” मी निर्धास्त झाले.

सकाळी केर काढताना खिडकीखालच्या कोपऱ्यात चाचीला रिकामा डबा सापडला. आत चमचा.

“ह्यो कोणी खाल्ला?”

 आप्पा बाहेरच्या पाण्याकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, “तारीख पुढच्या वर्षाची आहे.”

मला वाटलं आता चाची फाडून खाईल.  पण ती केरसुणी टाकून त्यांच्यासमोर बसली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला तसं गप्प बसलेलं पाहून मी फार घाबरले.

दुपारच्या आत आप्पांना उलट्या सुरू झाल्या, पाठोपाठ जुलाब. चाचीने पाणी उकळून गार केलं, मीठ-साखर घालून चमच्या-चमच्याने पाजलं. पाजलेलं बाहेर पडत होतं. आप्पांचे हातपाय गार पडले, बोलणं अडखळायला लागलं. आई त्यांचे तळवे चोळत होती. चाची उठली, तेलाचा रिकामा डबा घेतला आणि गॅलरीत उभी राहून पळीने बडवायला लागली. “होडी आना रे! मानूस जातोय!” आवाज बसला तरी तिचा हात थांबला नाही. शेवटी पलीकडच्या मोहल्ल्यातली पोरं होडी घेऊन आली. त्यांनी आप्पांना उचललं आणि उंचावरच्या दवाखान्यात नेलं.

आप्पा वाचले. सलाईनला आणखी उशीर झाला असता तर हृदयाने साथ दिली नसती, असं डॉक्टर म्हणाले. घरी आले त्या दिवशी चाची खाली आली, दोन धुतलेल्या बरण्या ओट्यावर ठेवल्या आणि म्हणाली, “आप्पा, मला तुमच्या मयतीला यायचा नव्हता.” 

पुढे सलीमने तिला मस्कतला नेलं. मुंबईची गाडी पकडायला आम्ही रिक्षाने वीर स्टेशनावर तिच्याबरोबर गेलो. गाडी हलली तरी ती खिडकीतून ओरडत होती, “वार लिवा! झाकान घट्ट लावा!” डब्यातली माणसं हसली. आप्पा मात्र हात जोडून उभे होते.

ती तिकडेच वारली. दफनही तिकडेच झालं. गेल्या सुट्टीत सलीम एकटाच आला. खोकं सुटलं आणि रिवाजाप्रमाणे आमच्या वाट्याचे डबे निघाले. त्यांच्यामध्ये चाचीच्या ओढणीत गुंडाळलेली एक रिकामी काचेची बरणी होती. “आप्पांना म्हणून अम्मीनंच बाजूला काढून ठेवली होती,” सलीम म्हणाला.

त्या संध्याकाळी आप्पांनी चण्याचा एक डबा घेतला, अंगठ्यांनी दोन्हीकडून दाबून पाहिला आणि मगच उघडला. उरलेले चणे नव्या बरणीत गेले, पट्टीवर वार लिहिला गेला. चौथ्या दिवशीही मूठभर चणे शिल्लक होते. आप्पा बराच वेळ बरणी हातात धरून उभे राहिले. मग जन्मात कधी अन्नाचा कण न टाकलेल्या माझ्या बापाने ते चणे टाकले, गरम पाण्याने बरणी धुतली, फडक्यावर पालथी घातली आणि ओट्याला धरून ते ढसाढसा रडले.